तीस सेकंदांची शांतता

सोमवार, २० नोव्हेंबर

पोचले एकदाची अमरावतीला. बडनेऱ्याला उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. माझ्या तीन बॅगा बघून रिक्षावाल्याने विचारलं, "काहून मॅडम, पुरं घरच उचलून आणलं काय?" नाशिकमध्ये असं कुणी विचारलं असतं तर मी भांडले असते. इथे हसूच आलं.

खोली राजापेठेजवळ आहे, तिसऱ्या मजल्यावर, एका खिडकीची. मला एका जागी बसवत नाही हे घरमालकिणीला तासाभरातच कळलं, कारण तेवढ्यात मी पलंग दोनदा हलवला. संध्याकाळी ऑफिसात जाऊन आले. आमचं बातम्यांचं पोर्टल म्हणजे दोन खोल्या, पाच खुर्च्या आणि संपादक रागिणीताई. त्यांना आता नुसत्या लिखित बातम्या नकोत, व्हिडिओ हवेत, ऐकायचे कार्यक्रम हवेत. पण इथल्या व्हिडिओंचा आवाज असा, की माणूस विहिरीत बसून बोलतोय असं वाटावं. मी सहा वर्षं रेडिओत काढली आहेत, म्हणून मला बोलावलं. पहिलं काम म्हणजे रेकॉर्डिंगचं सामान निवडायचं.

सहा वाजता बाबांना फोन केला. त्यांची नजर काचबिंदूने जाऊन अकरा वर्षं झाली. आत्या त्यांच्याकडे राहते, पण तीही संध्याकाळी देवळात जाते. मग बाबा एकटे त्यांचा जुना बटणांचा फोन मांडीवर घेऊन माझी वाट बघतात. तो फोन नाव सांगत नाही, नुसता वाजतो. मी बोलले की त्यांना मी दिसते, असं ते म्हणतात. आजही माझा पहिला शब्द ऐकून म्हणाले, प्रवासात झोपली नाहीस तू. खरं होतं.

बुधवार, २२ नोव्हेंबर

सामान आलं. एका दुकानदाराने चार संच पंधरा-वीस दिवस वापरून बघायला दिले आहेत. एक खिशात मावणारा रेकॉर्डर, डोक्यावर दोन माइक असलेला. दुसरा साधा वायरचा कॉलर माइक, मोबाइलला लावायचा. तिसरा बिनवायरचा. आणि चौथा लांबलचक दांड्याचा माइक, मोठ्या रेकॉर्डरला जोडायचा. वारा अडवायला त्याला केसाळ टोपी आहे. आमचा कॅमेरावाला कुलदीप तिला मांजर म्हणतो आणि दिवसभर कुरवाळत बसतो. कुलदीपचा स्वतःचा आवाज फार छान आहे, भरदार, अस्सल वऱ्हाडी. घरी दीड वर्षाची मुलगी आहे, ती त्याने गाणं म्हटल्याशिवाय झोपत नाही असं तो अभिमानाने सांगतो.

चारही माइकवर मी एकच परिच्छेद वाचला आणि बाबांना पाठवला. त्यांच्याहून चांगला कान माझ्या ओळखीत नाही. आत्याने तिच्या मोबाइलवर ऐकवलं. त्यांचा निकाल असा : पहिल्यात तू गर्दीत उभी आहेस, तिसऱ्यात तुला सर्दी झाली आहे, चौथ्यात तू बातम्या देते आहेस. दुसऱ्यात तू माझ्याशेजारी बसली आहेस. म्हणजे सगळ्यात साधा वायरचा. रागिणीताईंना हे सांगितलं तर त्या खूश होतील, पण मी इतक्यात सांगणार नाही. घरात नाही, उन्हातान्हात, बाजारात वापरून बघायला हवेत.

प्रत्येक यंत्राची स्वतःची एक खरखर असते. महाग यंत्राची कमी, स्वस्ताची जास्त. पण असतेच. जगात असा रेकॉर्डर नाही की ज्याला स्वतःचा आवाज नाही. शांत खोलीत चारही एकाच वेळी चालू करून ती खरखर मोजायची, हीच खरी परीक्षा.

शनिवार, २५ नोव्हेंबर

आज पहिली गोष्ट केली, आणि काय गोष्ट आहे! दर्यापूरच्या पुढे एका गावात एक घर आहे, तिथे बावीस वर्षांत रेडिओ बंद झालेला नाही. शब्दशः. रात्रंदिवस चालू. दर्यापूरपर्यंत एसटी आणि पुढे वीस माणसांत कोंबलेली जीप. दोन्हीकडे काळीभोर जमीन आणि वेचणीला आलेला कापूस. माइकची पेटी मी मांडीवर घेतली होती. शेजारच्या आजोबांनी त्यात कोंबडी आहे का विचारलं.

घर सूर्यभानजींचं. वय सत्तरीपुढे, दहा एकर शेत. त्यांचा मुलगा नितेश सव्वीसचा आणि भयंकर बडबड्या, त्याने एका दमात मला तुरीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं सांगितलं. सूर्यभानजींची बायको, गोदाबाई, अजिबात बोलत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी वाचा गेली म्हणाले. चेहरा मात्र हसरा. त्या पाणी घेऊन कधी शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही, इतकं त्यांचं पाऊल हलकं.

रेडिओ मधल्या खोलीत आहे. एक चालू, दोन जादा, आणि टोपलीभर सेल. वीज गेली तरी खंड पडू नये म्हणून. रात्री केंद्र बंद झालं की भजनांचा पेनड्राइव्ह लावतात. मी सूर्यभानजींना कारण विचारलं तर ते म्हणाले, सवय आहे. तीनदा विचारलं, तीनदा सवय.

आता आमच्या कामाची एक रीत आहे. मुलाखत झाली की त्या जागेची तीस सेकंदांची शांतता वेगळी रेकॉर्ड करायची. पंखा बंद, टीव्ही बंद, कुणी हलायचं नाही. पुढे वाक्यं कापून जोडताना मध्ये जी भोकं पडतात, ती त्या शांततेने बुजवायची. मी रेडिओ अर्धा मिनिट बंद करायला सांगितलं. सूर्यभानजी नाही म्हणाले. नितेश हसून विषय बदलायला लागला. मला राग आला, खरं सांगते. मी दीडशे किलोमीटर जाऊन-येऊन करणार आणि अर्ध्या मिनिटासाठी यांची सवय आड येणार! बापलेक गोठ्याकडे गेले, गोदाबाई चुलीपाशी होत्या. मी चारही यंत्रं चालू केली आणि रेडिओचं बटण फिरवलं.

पुरता एक मिनिट मिळाला. मग सूर्यभानजी धावत आले, अनवाणी, आणि त्यांनी आधी रेडिओ लावला, मग माझ्याकडे बघितलं. "रेडू काहून बंद केला वं? कोनं सांगतलं होतं तुले?" मशीन चालू होती का, असं विचारलं. मी नाही म्हणाले.

खोटं बोलले. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला त्रास, असं त्या वेळी वाटलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

विचित्र. सकाळपासून तो एक मिनिट ऐकते आहे. खरखर नाही. कुठल्याच यंत्राची नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग, दोन्हींत अगदी एकसारखं काहीच नाही. लेव्हलची पट्टी तळाला चिकटून बसली आहे. फाइल कोरी म्हणावी तर तीही नाही, सुरुवातीला बटणाचा खट्ट आवाज आहे, शेवटी सूर्यभानजींचं ओरडणं आहे. मधला मिनिटभर मात्र चिमणीसुद्धा नाही, आणि मला चांगलं आठवतंय, बाहेर चिमण्या होत्या.

परीक्षेच्या दृष्टीने तो मिनिट वाया गेला, चारही यंत्रं बरोबरीत सुटली. पण मी इतकी स्वच्छ शांतता आयुष्यात ऐकली नव्हती. फाइलला नाव दिलं, दर्यापूर, आणि जपून ठेवली.

बुधवार, २९ नोव्हेंबर

मोर्शीला गेले होते, गोपाल नावाच्या तरुण संत्रा बागायतदाराकडे. बोलायला पक्का. बागेत तोड चालू होती, मजूर, ट्रक, क्रेटची आदळआपट, आणि त्यात हे सद्गृहस्थ थांबायचं नाव घेईनात. शेवटची एसटी पकडायच्या घाईत मी जागेची शांतता घ्यायलाच विसरले. सहा वर्षांत पहिल्यांदा. ऑफिसात आल्यावर कपाळावर हात मारला.

मग दर्यापूरची लावली. एका जागेची शांतता दुसऱ्या जागेच्या मुलाखतीखाली लावणं म्हणजे शिकाऊ पोरांचा आळस, मी स्वतः कितीजणांना त्यावरून झापलं आहे. पण काय बसली! जोड शोधून सापडेना. गोपालचा आवाज इतका मोकळा ऐकू यायला लागला की रागिणीताई खुर्चीतून उठून आल्या. कुठल्या माइकवर घेतलं हे, म्हणाल्या. मी नुसती हसले.

रविवार, ३ डिसेंबर

काल चांदूर बाजार. सत्यभामाबाई बाजारात मिरच्या विकतात आणि त्यांचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचतो अशी ख्याती आहे. पोचतो. माझ्या हेडफोनमध्ये तर कानाच्या पार गेला. त्यांच्याखालीही दर्यापूर लावली. दोन्ही व्हिडिओंना कुलदीपने निवेदन दिलं, त्याच्याही खाली तीच. आता सवयच लागली आहे मला.

आणि आज आमच्या ऐकायच्या कार्यक्रमाचा पहिला भाग तयार केला. विषय, माझे बाबा. रेडिओवर जगणारा एक आंधळा निवृत्त मास्तर. फोनवर तासभर बोलले, लहानपणी पानाच्या ठेल्याशी उभं राहून ऐकलेल्या क्रिकेटच्या समालोचनापासून. फोनची खरखर खूप होती, ती काढून सगळीकडे दर्यापूर भरली. माझे प्रश्न नेहमीप्रमाणे कापून टाकले. आपला आवाज मध्ये कशाला, बोलणाऱ्याचाच राहू द्यावा. ऐकताना रडले मी. बाबा शेजारी बसल्यासारखे वाटत होते.

उद्या प्रसिद्ध होईल.

गुरुवार, ७ डिसेंबर

बाबांचा भाग खूप लोकांनी ऐकला. ते खूश, आत्या तर शेजाऱ्यांना बोलावून ऐकवते आहे.

मोर्शीहून गोपालच्या भावाचा फोन आला. गोपाल चार दिवसांपासून बोलत नाही. ताप नाही, घसा लाल नाही. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, सगळं ठीक म्हणाले. भाऊ मला विचारत होता, की मुलाखतीच्या दिवशी तो काही जास्त ओरडून वगैरे बोलला होता का. मी म्हणाले, नाही हो, उलट छान बोलले. मग त्याने सांगितलं की त्यांनी गोपालला कागद-पेन दिलं, तर त्याने लिहिलं : मी त बोलूनच राह्यलो. तुमाले आयकू येऊन नाई राह्यलं काय?

फोन ठेवल्यावर मी खोलीत उगाच फेऱ्या घातल्या. खालच्या घरमालकिणीने वर येऊन विचारलं, काही हरवलं का.

शनिवार, ९ डिसेंबर

न राहवून चांदूर बाजारला गेले. काय करायला गेले ते मलाही माहीत नव्हतं. सत्यभामाबाई नेहमीच्या जागेवर बसल्या होत्या, मिरच्यांचे ढीग लावून. तोंड हलत होतं. गिऱ्हाइकांना हाका मारत होत्या त्या, गळ्याच्या शिरा ताणून, हात उडवून. आवाज नव्हता. शेजारची भाजीवाली मला म्हणाली, "बुधवारपासून अशीच करून राह्यली बाप्पा. पयले वाटलं, मस्करी करते."

पण ते नाही लिहायला बसले मी. त्यांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या आहेत. त्यांनी हात उडवला की त्या सगळ्या खाली येत होत्या, वर जात होत्या. आणि आवाज नव्हता. लोखंडी वजन त्यांनी तराजूत टाकलं. आवाज नव्हता. मी एक वजन उचलून टाकलं तर खण्ण वाजलं.

त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी पळाले तिथून. भेकड आहे मी.

सोमवार, ११ डिसेंबर

कुलदीप आला नाही. दुपारी त्याची बायको आचल मुलीला कडेवर घेऊन ऑफिसात आली. कुलदीपने तिला चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. त्यात त्याने लिहिलं होतं, की तो रोज रात्री गाणं म्हणतो आहे आणि पोरगी त्याच्याकडे बघून भेदरून रडते आहे, तिला काय झालंय ते कळत नाही. आचल म्हणाली, तो खोलीत चालला तरी कळत नाही हो ताई, पाठीमागे येऊन उभा राहतो. तिने माझा हात धरला. तुम्ही आवाजातल्या ना, म्हणाली, तुम्हाला काही समजत असंल त सांगा.

मला समजलं होतं. गोपाल, सत्यभामाबाई, कुलदीप. तिघांच्या आवाजाखाली मी काय लावलं होतं ते मला बसल्या जागी समजलं, आणि चौथं नाव आठवलं. आचलसमोरच मी बाबांना फोन लावला. बाबा बोलले. छान बोलले. मग मला इतकं हुंदके देऊन रडू आलं की आचलच माझी समजूत घालायला लागली.

रागिणीताईंना तिन्ही कार्यक्रम काढून टाकायला लावले. कारण देता आलं नाही, त्या चिडल्या. सामानाची यादी कुठाय, विचारलं त्यांनी. मी म्हणाले, ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं ते घ्या.

मंगळवार, १२ डिसेंबर

अकोल्याला जुनी ध्वनियंत्रं दुरुस्त करणारे शेषराव म्हणून एकजण आहेत, त्यांच्याकडे फाइल घेऊन गेले. चाळीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. दहा सेकंदांत काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, यंत्र खराब नाही. रेकॉर्डरची खरखर जिथे असायला हवी होती तिथून कुणीतरी ती खाल्ली आहे. मी म्हणाले, म्हणजे काय? त्यांनी फाइलचं कार्ड माझ्या हातात दिलं आणि दुकानाबाहेर घेऊन जा म्हणून हात जोडले. मग आत जाऊन टेप लावली, मोठ्याने.

फाइल पुसली. चारही कार्डं पुसली, मग फोडली.

बुधवार, १३ डिसेंबर

बाबा आज वाक्यं अर्धी सोडत होते. मी विचारलं तर म्हणाले, पूर्ण बोललो की मी. आत्या म्हणते, कालपासून असंच आहे. काठीचा आवाज येत नाही म्हणाली. मागून येतात ते कळतच नाही म्हणाली, हसत.

हसत होती ती.

गुरुवार, १४ डिसेंबर

दर्यापूरच्या घरी गेले. सूर्यभानजींच्या पाया पडले आणि मशीन चालू होती हे सांगितलं. मारतील वाटलं. त्यांनी बाज पुढे ओढली, बस म्हणाले.

सगळं सांगितलं त्यांनी, हळू, आतल्या रेडिओकडे कान ठेवून. "थे शांतता नोय पोरी. थे आयकून राह्यलं. त्याले आयकाले काहीबी लागते. काहीच नसलं त मंग थे माणसाचं आयकते, अन् आयकलं थे वापस देत नाई." कुठून आलं, कधी आलं, त्यांनाही माहीत नाही. नितेश चार वर्षांचा असताना त्या खोलीत एकटा खेळत होता, दुपारची सामसूम होती, आणि तो बाहेर आला तो मुका. नुसता मुका नाही, रडला तरी आवाज नाही, पडला तरी नाही. दोन महिने. मग गोदाबाई एका दुपारी त्या खोलीत जाऊन बसल्या. दार लावलं, नितेशचं नाव घेतलं आणि बोलायला लागल्या. माहेरचं, सासरचं, शेजारणींचं, जे जे आठवलं ते. दिवस कलला तेव्हा नितेश अंगणात ओरडला, आई, भूक लागली.

तेव्हापासून गोदाबाई अशा. आणि तेव्हापासून रेडिओ, म्हणजे त्याला माणसाची गरज पडू नये.

मी विचारलं, गोपाल, सत्यभामाबाई, कुलदीप, बाबा. चौघं आहेत. सूर्यभानजी म्हणाले, "एकाच्या बदल्यात एक. जास्ती नाई."

गोदाबाई समोर उभ्या होत्या. ओठ हलत होते. मला काहीतरी सांगत होत्या, बराच वेळ, कळकळीने. कुणालाच कळलं नाही.

शुक्रवार, १५ डिसेंबर

मी सुरक्षित आहे. माझे प्रश्न मी कापले होते. त्या शांततेवर माझा एक शब्दही नाही. नाशिकला निघून जाता येईल.

आचलचा फोन येतो आहे. तीनदा आला. उचलला नाही.

सहा वाजता बाबा. आठ-दहा शब्द आले. ...ऐकतेस ना... ...कालची गाणी... मध्ये नुसती पोकळी, श्वाससुद्धा नाही. त्यांना वाटतंय ते बोलताहेत. अंधारात बसून, स्वतःला ऐकू येतंय, आणि मी का उत्तर देत नाही म्हणून वाट बघताहेत. मुका माणूस हाताने सांगतो, डोळ्यांनी समोरच्याचं बघतो. बाबांकडे काय उरेल?

आणि माझा आवाज गेला, तर त्यांच्याकडे मी उरेन का?

कुलदीपची पोरगी दीड वर्षाची आहे. मला माफ करा. माझ्याकडे एकच आहे. मी माझ्या बाबांसाठी—

शनिवार, १६ डिसेंबर

दुपारी दोन. दर्यापूर. सूर्यभानजी नको म्हणत होते, मग दारातून बाजूला झाले. बापलेक शेतावर जातो म्हणाले, घरात थांबवत नाही त्यांना. गोदाबाईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. उठताना रेडिओ परत लाव, एवढं सूर्यभानजींनी सांगितलं आहे.

आता दार लावते. बटण फिरवते.

साडेतीन. बाबांचं नाव घेतलं. बोलते आहे, आणि मधूनमधून इथे—थांबलं की भीती वाटते. शाळा सांगितली. आई गेली तो दिवस सांगितला. बाबांना दिसत होतं तेव्हा ते माझी वेणी घालायचे, वाकडी—तेही. खोली ऐकते आहे. कळतं. समोर बसून कुणी मान पुढे करावी तसं—

साडेचार. सगळं सांगून संपत आलं. आता कविता म्हणते आहे, पाढे, एसटी स्टँडवरच्या गावांची नावं—मोर्शी, चांदूर बाजार, दर्यापूर—मिरच्यांचे भाव—

पाच चाळीस. माझा आवाज आहे! आहे अजून! स्वच्छ ऐकू येतोय, आत्ताच माझं नाव म्हणून बघितलं, दोनदा. मोठ्याने हसले, तेही ऐकू आलं. घेतलाच नाही. मग काही झालंच नाही का? बाबांचं काय? रेडिओ लावला. कापसाचे भाव चालू आहेत. सहाला पाच कमी, बाबा वाट बघत असतील—

लागला. बाबा! पूर्ण वाक्य! "हॅलो, चारू, ऐक, दुपारपासून एकदम मोकळं वाटतंय मला." जसेच्या तसे, बाबाच! मी ओरडले, बाबा, मी इथे आहे, सगळं ठीक झालं. ते म्हणाले, हॅलो.

बाबा, मी बोलते आहे. हॅलो, म्हणाले ते. चारू? मी म्हणते आहे, हो, हो, मीच—मला ऐकू येतंय मी काय म्हणते ते, मी ओरडते आहे—

ते कुणाशी तरी बोलावं तसे स्वतःशीच म्हणाले, लाइन तर चालू आहे, रेडिओ ऐकू येतोय. कोण आहे? फोनवर नखाने टकटक केली. मला ऐकू आली. पुन्हा केली. ते म्हणाले, कोण आहे हो, बोला ना.

ठेवला त्यांनी. परत लावला. बाबा, मी आहे, तुमची वाकडी वेणी, मी—

उचलला. दम धरून ऐकताहेत. शेजारी बसल्यासारखा आवाज. रागावले नाहीत. मास्तरांच्या आवाजात, सावकाश सांगताहेत, हे बघा, तुम्ही जे कुणी असाल ते, मला दिसत नाही. सहा वाजले आहेत. कृपा करून लाइन मोकळी ठेवा, माझ्या मुलीचा फोन यायची—